चाके, पाय आणि सरपट: छंदातले रोबो

छंद म्हणून बांधलेल्या रोबोत सहसा तीन गोष्टी असतात. आजूबाजूचे काहीतरी ओळखणारा सेन्सर, त्यावरून काय करायचे ते ठरवणारे सर्किट आणि ठरलेले अमलात आणणारी मोटर. या तिन्ही एकत्र आल्या की भिंत समोर येताच वळणारी वीतभर गाडीही रोबो ठरते. रिमोटच्या महागड्या गाडीत मात्र ठरवण्याचे काम माणूसच करत असतो.

कारखान्यातल्या रोबोला वेल्डिंग किंवा रंगकाम करून आपली किंमत वसूल करून द्यावी लागते. छंदातल्या रोबोवर तसली जबाबदारी नसते. तो टेबलाच्या कडेवरून न पडता फिरला, दिव्याकडे धावला किंवा सहा पायांवर चार पावले नीट चालला तरी पुष्कळ झाले. पहिला रोबो बांधणाऱ्याचे बहुतेक लक्ष प्रोग्रामकडे असते. प्रत्यक्षात काम अडते ते सैल स्क्रू, दमलेली बॅटरी आणि घसरणारे चाक यांच्यापाशी. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सांगाडा विचार करून बांधला तर प्रोग्रामचे निम्मे काम तोच करून टाकतो. या छंदाच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हापुन्हा दिसते.

दोन व्हॉल्व्हची कासवे

विल्यम ग्रे वॉल्टर हे मेंदूतील विद्युतलहरींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. १९४८-४९ च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे त्यांनी दोन यांत्रिक कासवे बांधली आणि त्यांना एल्मर आणि एल्सी अशी नावे दिली. प्रत्येक कासवाला तीन चाके होती आणि त्याचा 'मेंदू' होता अवघ्या दोन व्हॉल्व्हचा, म्हणजे निर्वात नळ्यांचा. प्रकाश ओळखणारा फोटोसेल पुढच्या चाकाच्या दांड्यावर बसवलेला असल्यामुळे चाक वळे तसा 'डोळा'ही वळे. अंधारात चाक गोल फिरत राही आणि कासव झोकांड्या खात पुढे जाई. उजेड दिसला की चाकाचे वळणे थांबे आणि कासव त्या दिशेने निघे. पाठीवरचे कवच कशाला आपटले की एक स्विच जोडला जाई आणि कासव ढकलत, वळत अडथळ्यातून वाट काढी. बॅटरी उतरू लागली की दिवा लावलेल्या घरट्यात जाऊन ते स्वतःच चार्जिंगला लागे. डोळा आणि चाक एकाच दांड्यावर बसवण्याच्या युक्तीनेच यातले बरेच काम झाले होते.

व्हॅलेंटिनो ब्राइटेनबर्ग यांनी १९८४ च्या 'व्हेइकल्स' या पुस्तकात हीच कल्पना कागदावर आणखी सोपी करून मांडली. गाडीला पुढे दोन प्रकाशसेन्सर आणि मागे दोन मोटरी असतात. जास्त उजेड म्हणजे जास्त वेग. डावा सेन्सर डाव्या मोटरीला आणि उजवा उजव्या मोटरीला जोडला तर दिव्याच्या बाजूचे चाक जोरात फिरते आणि गाडी दिव्यापासून दूर पळते. तारांची अदलाबदल केली, की तीच गाडी दिव्यावर चाल करून जाते. बघणाऱ्याला पहिली गाडी भित्री वाटते आणि दुसरी चिडखोर. दोघींत फरक असतो तो फक्त दोन तारांचा.

१९८९ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रॉडनी ब्रुक्स यांच्या गटाने चंगेज नावाचा सहा पायांचा, साधारण किलोभर वजनाचा रोबो चालवला. त्याच्या प्रत्येक पायाला दोन मोटरी होत्या आणि खोलीचा नकाशा मनात धरणारा मध्यवर्ती मेंदू त्यात नव्हताच. पाय उचलणे, पुढे टाकणे, तोल सावरणे अशा छोट्या छोट्या सवयी एकमेकींवर रचून त्याची चाल तयार केलेली होती. याच सुमारास मार्क टिल्डन यांनी 'बीम' नावाची पद्धत रूढ केली. टेपरेकॉर्डरमधून काढलेल्या मोटरी, छोटे सौरपट्टे, कपॅसिटर आणि मोजके ट्रान्झिस्टर एवढ्यावर हे रोबो चालतात आणि त्यांत प्रोग्राम नसतोच. सौरपट्ट्यातून येणारी वीज मोटर सतत फिरवण्याइतकी नसते. ती कपॅसिटरमध्ये थेंबाथेंबाने साठते आणि पुरेशी झाली की एकदम मोटरीला मिळते. त्यामुळे हे रोबो दोन-चार क्षण निपचित पडतात आणि मग एक उडी घेतात.

सामानाची जुळवाजुळव

२००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ गावात आर्डुइनो या छोट्या, खुल्या आराखड्याच्या सर्किट-बोर्डाचा जन्म झाला आणि या छंदाचे दार सर्वांना उघडले. संगणकावर चार ओळी लिहायच्या, यूएसबी केबलने बोर्डावर पाठवायच्या आणि दिवा लागलेला पाहायचा, इतके ते सोपे झाले. सर्वांत रूढ असलेल्या आर्डुइनो उनोवर १४ डिजिटल आणि ६ अॅनालॉग पिना असतात. घरच्या रोबोला त्या पुरून उरतात.

महाराष्ट्रात हे सामान मिळण्याची जुनी ठिकाणे म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली. चाकांसाठी सर्वांत जास्त खपते ती पिवळ्या प्लॅस्टिकच्या गिअरबॉक्सची मोटर. दुकानात तिला 'बीओ मोटर' म्हणतात, म्हणजे बॅटरीवर चालणारी. ती वेगवेगळ्या फेऱ्यांची मिळते आणि निवडताना साधे गणित उपयोगी पडते. ६५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ साधारण २०.४ सेंटिमीटर भरतो. मिनिटाला १५० फेऱ्या घेणारी मोटर असे चाक सेकंदाला अर्धा मीटर पळवते. खोलीत फिरणाऱ्या रोबोला हा वेग पुरे होतो. त्याहून जास्त वेग घेतला तर सेन्सरने भिंत पाहून वळायच्या आत धडक बसते.

भंगार हा या छंदाचा दुसरा आधार. जुन्या प्रिंटरमधून स्टेपर मोटरी, गुळगुळीत पोलादी दांडे आणि दात्यांचे पट्टे निघतात. सीडी ड्राइव्हमधून छोट्या मोटरी आणि सरकणारी गाडी मिळते, तर बिघडलेल्या मोबाइलमधून थरथरणारी मोटर. सायकलच्या आऱ्या दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, सरळ आणि कणखर असतात. जोडदांड्यांसाठी आणि बारीक आसांसाठी याहून चांगली वस्तू त्या किमतीत मिळत नाही. सांगाड्याला सनबोर्ड, तीन मिलिमीटरचे एमडीएफ किंवा अॅक्रिलिक, वायरिंगची केसिंग पट्टी, पीव्हीसी पाइप असे काहीही चालते. मागच्या बाजूला टेकण लागते तिथे रोल-ऑन डिओडरंटची रिकामी बाटली गोळ्यासकट कापून बसवली की फुकटचे कास्टर तयार होते.

पहिली गाडी

दोन मोटरींची दोन चाके आणि तिसरे मोकळे टेकण ही पहिल्या रोबोची नेहमीची रचना. दोन्ही चाके सारखी फिरली की रोबो सरळ जातो, एक थांबले की वळतो आणि दोन्ही उलटसुलट फिरली की जागच्या जागी गिरकी घेतो. सुकाणू वेगळे लागत नाही. मात्र बॅटरीचे वजन चालत्या चाकांच्या जवळ आणि शक्य तितके खाली ठेवावे लागते. ते टेकणावर गेले की चाके हलकी होतात आणि गुळगुळीत फरशीवर नुसती फिरत राहतात. चाकावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा रबरबँड चढवले की पकड सुधारते.

मोटर थेट आर्डुइनोला जोडता येत नाही. बोर्डाच्या पिनेतून बिनघोर घेता येतो तो प्रवाह सुमारे २० मिलिअँपिअरचा, तर मोटरीला त्याच्या दसपट आणि सुरू होताना त्याहूनही जास्त लागतो. म्हणून मध्ये मोटर ड्रायव्हर असतो. पिनेकडून तो फक्त हुकूम घेतो, प्रवाह मात्र बॅटरीतून मोटरीकडे पाठवतो. बाजारात सर्रास मिळणारा एल२९८एन हा ड्रायव्हर दणकट आहे, पण सुमारे दोन व्होल्ट स्वतःच गिळतो. सहा व्होल्टची बॅटरी लावूनही मोटर मरगळलेली का, याचे उत्तर बहुधा इथे सापडते. छोट्या मोटरींसाठी टीबी६६१२ सारखा नवा ड्रायव्हर वापरला तर ही गळती बरीच कमी होते.

अडथळा ओळखायला दोन गोल डोळ्यांचा एचसी-एसआर०४ सेन्सर वापरतात. तो ४० किलोहर्ट्झचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ सांगतो. हवेत एक सेंटिमीटर जायला आवाजाला साधारण २९ मायक्रोसेकंद लागतात. जाणे-येणे धरून झाले ५८. म्हणून मिळालेल्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागले की अंतर सेंटिमीटरमध्ये मिळते. ११६० आकडा आला तर भिंत २० सेंटिमीटरवर आहे. पडदा, उशी अशा मऊ वस्तू आवाज पिऊन टाकतात आणि तिरक्या भिंतीवरून तो भलतीकडे जातो. त्यामुळे सोफ्याला धडकणारा रोबो नादुरुस्त असतोच असे नाही, त्याला सोफा ऐकूच आलेला नसतो.

टेबलावरच्या सवयी

छंदातल्या रोबोंचे रडगाणे बहुतेक वेळा विजेचे असते. मोटर सुरू होताना बॅटरीचा दाब क्षणभर खाली जातो आणि तेवढ्यात बोर्ड रिसेट होतो. मग रोबो एक हिसका देतो, थांबतो, पुन्हा हिसका देतो. प्रोग्राम तपासण्यात संध्याकाळ जाते आणि दोष निघतो बॅटरीत. उपाय दोन. मोटरींना वेगळी बॅटरी द्यावी आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा, म्हणजे ग्राउंड, एकत्र जोडाव्यात. ग्राउंड जोडायचे राहिले तर ड्रायव्हरला हुकूम कळत नाही आणि मोटरी मनाला येईल तशा वागतात. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरीसाठी निरुपयोगी आहे. तिचा आतला रोध जास्त असल्याने ती मागणीइतका प्रवाह देऊच शकत नाही. मोटरीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरॅडचा, '१०४' असे लिहिलेला कपॅसिटर सोल्डर केला तर ब्रशच्या ठिणग्यांनी होणारा विद्युत गोंगाट पुष्कळ कमी होतो.

१८६५० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लिथियम सेलचा व्यास १८ आणि लांबी ६५ मिलिमीटर असते. तो पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. रोबोसाठी तो उत्तम, पण शॉर्ट झाला, भोक पडले किंवा चुकीच्या चार्जरवर राहिला तर पेट घेऊ शकतो. संरक्षक सर्किट असलेलाच सेल घ्यावा आणि तो त्याच्याच चार्जरवर, डोळ्यांसमोर चार्ज करावा. फुगलेला किंवा सालपट निघालेला सेल वापरू नये.

सोल्डरिंगमध्ये नवख्याची चूक एकच असते. कथिलाची तार सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर वितळवून तो थेंब जोडावर टाकला जातो. जोड थंडच असल्याने थेंब वर बसतो, पण चिकटत नाही. आधी टोकाने तार आणि पॅड दोन्ही दोन-तीन सेकंद तापवावे, मग कथिल टोकाला न लावता जोडाला लावावे. नीट झालेला जोड उतरत्या सुळक्यासारखा दिसतो. गोळ्यासारखा फुगलेला जोड आतून सुटा असतो. काम करताना खिडकी उघडी ठेवावी. नेहमीच्या कथिलात शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

यंत्रकामातल्या सवयीही अशाच साध्या आहेत. सांगाडा आधी पुठ्ठ्याचा करावा. पुठ्ठ्यावर चूक स्वस्तात कळते. अॅक्रिलिकला भोक पाडताना वर चिकटपट्टी लावावी, खाली लाकडाचा तुकडा ठेवावा आणि ड्रिल हळू चालवावे, म्हणजे तडा जात नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्लूगन चाचणीपुरती ठीक, पण कायमच्या जोडाला तीन मिलिमीटरचे नट-बोल्टच लागतात. थरथरीने नट सैल होतात. नायलॉनची कडी असलेले नट मिळाले नाहीत तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब लावला तरी काम भागते. हलणाऱ्या सांध्यातून जाणारी तार अनेक बारीक धाग्यांची असावी आणि तिला थोडी ढील द्यावी. एकेरी जाड तार दोन दिवसांत आतून तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते.

चाचणी नेहमी एकेका भागाची करावी. रोबो डब्यावर उपडा ठेवून चाके अधांतरी करावीत. मग एक मोटर, मग दुसरी, मग सेन्सर, आणि सगळ्यात शेवटी सगळे मिळून. एकाच पुडक्यातल्या दोन मोटरीही सारख्या फिरत नाहीत, म्हणून सरळ जायला सांगितलेला रोबो एका बाजूला ओढतो. जोरात फिरणाऱ्या मोटरीचा वेग प्रोग्राममधून थोडा उतरवला की तेवढ्यापुरते भागते. नेमकी सरळ रेघ हवी असेल तर चाकांच्या फेऱ्या मोजणारे एन्कोडर बसवावे लागतात.

थरथरून पुढे जाणे

चाक सोडून द्यायचे ठरवले तर सर्वांत सोपा रोबो दात घासायच्या ब्रशचा. ब्रशचे डोके कापून घ्यायचे, त्यावर फेसाच्या दुहेरी टेपने मोबाइलची थरथरणारी मोटर चिकटवायची आणि मोटरीच्या दोन तारा एका बटन सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवायच्या. मोटरीच्या आसावर एका बाजूला जड असलेले छोटे वजन असते. ते फिरते तसा ब्रश वरखाली थरथरतो. केस एका बाजूला कललेले असतील तर खाली येताना ते वाकतात आणि ब्रशला कलाच्या उलट दिशेने ढकलतात. वर जाताना ते सुटतात आणि पुढच्या ठोक्याला तयार होतात. पुढे घसरणे सोपे आणि मागे अवघड, एवढ्या असमतोलावर सगळी चाल उभी आहे. केस सरळ असतील तर ब्रश रात्रभर एखाद्या जाड पुस्तकाखाली तिरका दाबून ठेवावा. मोटर मधोमध बसली नाही तर ब्रश गोल गोल फिरतो, आणि नेमके तेच वळवण्यासाठी वापरता येते.

हार्वर्ड विद्यापीठातील किलोबॉट याच तत्त्वावर चालतात. ३३ मिलिमीटर व्यासाची एक चकती, तीन ताठ काड्यांचे पाय आणि थरथरणाऱ्या दोन मोटरी. डावी चालली की एकीकडे वळण, उजवी चालली की दुसरीकडे, दोन्ही मिळून पुढे. २०१४ मध्ये असे १,०२४ रोबो एकत्र येऊन चांदणीसारखे आकार घेताना दाखवले गेले. एवढ्या संख्येला प्रत्येकी दोन चाके आणि गिअर देणे परवडलेच नसते.

खेकड्यासारखे तिरके

मेकॅनम चाकाच्या कडेवर ४५ अंशांत तिरके बसवलेले मोकळे रूळ असतात. स्वीडनमधील बेंग्ट इलोन यांनी १९७० च्या दशकात ते शोधले. अशी चार चाके लावली की रोबो तोंड न वळवता आडवा सरकतो. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक पुढे फिरवले आणि बाकीची दोन मागे, की पुढे-मागे ओढणारे जोर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उजवीकडचा जोर तेवढा उरतो. चाके बसवताना एक खूण लक्षात ठेवली की पुरते: वरून पाहिल्यावर चारही चाकांच्या रुळांच्या रेघा मध्याकडे येऊन फुलीसारख्या दिसल्या पाहिजेत. चाक उलटे बसले तर रोबो आडवा न जाता जागीच वळवळतो. चारही चाकांवर सारखे वजन लागते, म्हणून खडबडीत जमिनीवर ही चाके उपयोगाची नाहीत आणि गालिचावर अडतात.

दांड्यांचे पाय

पायांनी चालण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक सांध्याला स्वतंत्र मोटर असते आणि चाल प्रोग्राममधून येते. दुसऱ्यात एकच मोटर फिरते आणि जोडलेल्या दांड्यांची भूमिती पावलाचा आकार ठरवते.

दुसरा मार्ग जुना आहे. रशियन गणिती पाफ्नुती चेबिशेव्ह यांचे दांड्यांवर चालणारे यंत्र १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडले होते. अमेरिकेतील जो क्लान यांनी १९९४ मध्ये बसवलेली रचना हौशी लोकांत विशेष प्रिय आहे. तिच्यात फिरणाऱ्या भुजेच्या अर्ध्या फेरीत पाऊल जमिनीवर जवळजवळ सरळ रेषेत मागे जाते आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत कोळ्याच्या पायासारखे उंच उचलले जाऊन पुढे येते. दोन पाय अर्ध्या फेरीच्या फरकाने जोडले की एक नेहमी जमिनीवर राहतो.

नेदरलँड्समधील थिओ यान्सन यांनी १९९० पासून पिवळ्या प्लॅस्टिकच्या वायरिंग पाइपांतून वाऱ्यावर चालणारे 'स्ट्रँडबीस्ट', म्हणजे किनाऱ्यावरचे प्राणी, बांधले. त्यांच्या पायातील दांड्यांची लांबी त्यांनी संगणकावर शोधून काढली. हजारो शक्यता आपसांत झुंजवून सपाट चालणारे पाय निवडायला संगणकाला काही महिने लागले. त्यातून हाती आले अकरा आकडे. महत्त्व आहे ते प्रमाणाला. फिरणारी भुजा १५ धरली तर तिला जोडलेले दोन लांब दुवे ५० आणि ६१.९ चे होतात. हे प्रमाण पाळून आइस्क्रीमच्या काड्यांचा पायही चालतो. भोके मात्र नेमक्या जागी पडली पाहिजेत. एखाद्या मिलिमीटरच्या चुकीनेही पाऊल लंगडते, म्हणून एकाच मापाच्या सगळ्या काड्या एकावर एक रचून एकदमच भोक पाडावे.

पहिल्या मार्गावर सर्वो मोटर लागते. तिला सेकंदाला पन्नास वेळा एक छोटा विद्युत ठोका द्यावा लागतो. ठोका साधारण एक मिलिसेकंदाचा असला की आस एका टोकाला जातो, दोनाचा असला की दुसऱ्या टोकाला आणि दीडचा असला की मधोमध थांबतो. नऊ ग्रॅमचा एसजी९० हा सर्वो एक सेंटिमीटरवर जेमतेम १.८ किलोग्रॅम तोलतो. त्याला सहा सेंटिमीटरचा पाय लावला की तोच आकडा ३०० ग्रॅमवर येतो आणि रोज चालवायचा असेल तर त्याच्या निम्म्यावरच भिस्त ठेवावी. म्हणून पाय आखूड आणि अंग हलके हवे. सर्वो आधी मधल्या स्थितीत आणून मगच त्याचा हात बसवावा. हे विसरले की पाय एका बाजूला पुरता वाकतो आणि दुसऱ्या बाजूला वाकतच नाही.

सहा पायांच्या रोबोला तोलाची काळजी नसते. एका बाजूचा पुढचा, त्याच बाजूचा मागचा आणि दुसऱ्या बाजूचा मधला असे तीन पाय तिवईसारखे टेकलेले असतात, तेव्हा उरलेले तीन पुढे जातात. प्रत्येक पायाला तीन म्हणजे अठरा सर्वो लागतात. अडलेला एक छोटा सर्वो अर्धा-पाऊण अँपिअर ओढतो, त्यामुळे सगळ्यांना मिळून दहा अँपिअर देणारी सोय हवी. आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनेवर हा भार टाकणे म्हणजे बोर्ड गमावणे. चार पायांच्या रोबोने एका वेळी एकच पाय उचलायचा असतो, आणि वजनाचा मध्य उरलेल्या तीन पावलांच्या त्रिकोणात आणल्यावरच.

अमेरिका आणि कॅनडातील विद्यापीठांनी बांधलेल्या आरहेक्स या रोबोने दोन्ही मार्गांचा मेळ घातला. त्याला सहा मोटरी आणि सहा अर्धगोल, लवचीक पाय आहेत. पाय पूर्ण गोल फिरतो. जमिनीवर असताना हळू, हवेत असताना झरकन. दगडगोटे आणि पायऱ्या तो याच चालीने चढतो. घरच्या घरी जाड पीव्हीसी पाइपाच्या कड्या अर्ध्यात कापून असे पाय करता येतात.

तोल, उतार आणि सरपट

कॅनडात टॅड मॅकगीर यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की नीट घडवलेले दोन पाय किंचित उतारावरून मोटर आणि प्रोग्रामशिवाय चालत जातात. घड्याळाच्या लंबकासारखा एक पाय झुलत पुढे येतो तोवर दुसऱ्यावर अंग पुढे कलते. उतारामुळे मिळणारी थोडी ऊर्जा पावलागणिक वाया जाणारी ऊर्जा भरून काढते. याच विचारावर कॉर्नेल विद्यापीठात बांधलेला रेंजर २०११ मध्ये एकदाच चार्ज केलेल्या बॅटरीवर ६५ किलोमीटर चालला. सांध्यांना क्षणोक्षणी मोटरीने धरून ठेवणाऱ्या यंत्राला एवढा पल्ला गाठणे अवघड असते.

सापाची चाल टोकियोत शिगेओ हिरोसे यांनी १९७२ मध्ये यंत्रात उतरवली. सापाचे अंग लांबीच्या दिशेने सहज सरकते, आडवे सरकायला मात्र विरोध करते. त्यामुळे अंगातून लाट सोडली की साप पुढे जातो. हौशी रोबोत सर्वोंची साखळी करून प्रत्येक दुव्याखाली मोकळी फिरणारी छोटी चाके लावतात. चाकांना मोटर नसते, ती फक्त आडवे घसरणे रोखतात. प्रत्येक सर्वोला तीच लाट थोड्या उशिराने द्यायची, एवढाच प्रोग्राम. चाके काढून घेतली की गुळगुळीत फरशीवर तो साप जागीच वळवळतो.

खडकाळ जागेसाठी सहा चाकांची रॉकर-बोगी रचना आहे. नासाच्या १९९७ च्या सोजर्नर या मंगळावरील गाडीला ती होती आणि २०२३ मध्ये चांद्रयान-३ मधून चंद्रावर उतरलेल्या २६ किलोच्या प्रज्ञानलाही. तिच्यात स्प्रिंग नाहीत. दोन्ही बाजूंच्या दांड्या खिळ्यावर फिरतात आणि मध्ये एकमेकींशी जोडलेल्या असतात. एक चाक दगडावर चढले तरी बाकीची पाच जमीन सोडत नाहीत आणि मधले अंग दोन्ही बाजूंच्या सरासरी कलात राहते. पीव्हीसी पाइप, सहा बीओ मोटरी आणि काही बोल्ट यांत ही गाडी घरी होते.

चालीची निवड

पुणे शहराने २००८ आणि २०१४ मध्ये आशिया-प्रशांत विद्यापीठांची रोबोकॉन स्पर्धा भरवली. पहिल्या वेळचा विषय दहीहंडीवर बेतलेला होता. दुसऱ्या वेळी पालक रोबोने मूल रोबोला सीसॉ, खांब, झोका आणि चढण्याची जाळी अशा बागेतल्या खेळांवर न्यायचे होते. अशा स्पर्धेत यंत्राचा आकार मैदानच ठरवते. घरच्या रोबोचेही तसेच असते.

सपाट फरशी असेल तर दोन चाके आणि टेकण. अरुंद जागेत आडवे सरकायचे असेल तर मेकॅनम. अंगणातल्या खडीसाठी रॉकर-बोगी किंवा अर्धगोल पाय. चालण्याची गंमत पाहायची असेल तर आधी क्लान यांचा दांड्यांचा पाय, आणि तो लंगडल्याशिवाय चालू लागला की मग सर्वोंचा चतुष्पाद. नवख्याने क्रमही साधारण हाच ठेवावा. ब्रशचा रोबो एका दुपारी होतो, दोन चाकांची गाडी दोन-तीन सुट्ट्यांत, दांड्यांचे पाय महिनाभरात. प्रत्येक टप्प्यावर मोजलेली मापे, बिघाड आणि उपाय वहीत टिपून ठेवावेत. पुढचा सांगाडा आखताना तीच वही सर्वांत आधी उघडावी लागते.